पाण्याच्या रॉकेटचा घरगुती हवाई प्रक्षेपक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शीतपेयाची रिकामी बाटली, तिच्यात थोडे पाणी आणि पायाने दाबायचा पंप एवढ्या सामग्रीवर चालणारे रॉकेट शाळाशाळांतून उडवले जाते. ४ ते १० ऑक्टोबरचा जागतिक अंतराळ सप्ताह, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि अलीकडे २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन जवळ आला की पहिला प्रक्षेपक, म्हणजे बाटली धरून ठेवणारे आणि खटका ओढताच तिला सोडणारे साधन, तयार होतो, रॉकेट उडते आणि मग लगेच प्रश्न येतो, की ते याहून उंच का जात नाही. पुढील उत्तरे त्या प्रश्नाच्या निरनिराळ्या रूपांना दिलेली आहेत. ती मुख्यतः दोन लिटरच्या बाटलीसाठी आहेत आणि मुलांसोबत एक जाणती मोठी व्यक्ती सतत उपस्थित असेल असे गृहीत धरून लिहिली आहेत.

आमचे रॉकेट जेमतेम दुमजली घराइतके उंच जाते. सुधारणेला सुरुवात कोठून करावी?

गळतीपासून. मुले प्रथम पंखांचा आकार बदलतात, मोठी माणसे प्रथम दाब वाढवतात, आणि दोघांच्याही नकळत हवा एखाद्या सांध्यातून निसटत असते. प्रक्षेपकावर बाटली बसवून तीन बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक, एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका दाब) हवा भरावी, पंप थांबवावा आणि दाबमापकाचा काटा पाच मिनिटे लांबून पाहावा. पहिल्या मिनिटभरात काटा थोडा खाली येईल. ती गळती असेलच असे नाही, कारण भराभर दाबलेली हवा तापते आणि निवताना तिचा दाब आपोआप उतरतो. मात्र त्यानंतरही काटा उतरतच राहिला, तर सांध्यात दोष आहे असे समजावे.

दोषाची जागा शोधण्यासाठी दाब एका बारपेक्षा कमी ठेवून सांध्यांवर साबणाचे दाट पाणी ब्रशने लावावे. पंक्चर काढणारे हेच करतात, आणि याहून चांगली युक्ती माझ्या माहितीत नाही. गळती बहुधा तीन ठिकाणी सापडते. पहिली जागा म्हणजे व्हॉल्व्ह. साध्या सायकलचा रबरी नळीचा व्हॉल्व्ह या कामाला कमी पडतो, म्हणून मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घ्यावा. तो कोणत्याही पंक्चरच्या दुकानात मिळतो आणि हवा उलट येऊ देत नाही. दुसरी जागा आट्यांचे सांधे, ज्यांवर टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्या दिशेनेच गुंडाळलेली असावी. तिसरी आणि सर्वांत त्रासदायक जागा म्हणजे बाटलीचे तोंड आणि प्रक्षेपक यांच्यामधली रबरी कडी, अर्थात ओ-रिंग. ती कोरडी बसवली की चिरते, त्यामुळे तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.

बाटलीत पाणी नेमके किती भरावे?

बाटलीच्या एकूण मापाच्या एकतृतीयांश, किंवा त्याहून किंचित कमी. दोन लिटरच्या बाटलीत सहाशे मिलिलिटरपासून सुरुवात करावी आणि दर उड्डाणाला पन्नास मिलिलिटरने कमी-जास्त करून आपल्या रॉकेटचे माप शोधावे.

हे माप असे का येते ते समजून घेतले तर पुढील पुष्कळ प्रश्न सुटतात. ऊर्जा साठते ती हवेत. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून ते ऊर्जा साठवत नाही. त्याचे काम मागे फेकले जाण्याचे आहे. रॉकेट पुढे जाते ते मागे फेकलेल्या वस्तुमानाच्या आणि त्याच्या वेगाच्या जोरावर, आणि हवेला वजन असे फारसे नसते : दोन लिटरच्या बाटलीत बाहेरच्या हवेपेक्षा चार बार जादा दाबाची नुसती हवा भरली, तर तिचे वस्तुमान सुमारे बारा ग्रॅम भरते, तर सहाशे मिलिलिटर पाण्याचे सहाशे ग्रॅम. म्हणून कोरडी बाटली फुस्स करून थोडी वर जाते आणि पडते. उलट बाटली दोनतृतीयांश पाण्याने भरली, तर हवेला जागाच उरत नाही. ती थोडीशी हवा पसरताच तिचा दाब ओसरतो आणि अर्धे पाणी आत असतानाच रॉकेटला ते ओझे म्हणून वर न्यावे लागते. या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उत्तम माप असते आणि ते दाबाप्रमाणे, रॉकेटच्या वजनाप्रमाणे थोडे सरकते.

पाणी बाहेर पडण्याचा वेग केवळ दाबावर ठरतो. जादा दाबाची दुप्पट करून तिला पाण्याच्या घनतेने भागावे आणि वर्गमूळ काढावे. चार बारला हा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर येतो. बाटलीचे तोंड सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि त्यातून सगळे पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात निघून जाते. त्या क्षणभरात मिळणारा रेटा सुरुवातीला तीनशे न्यूटन, म्हणजे तीस किलो वजनाइतका असतो. पुढचा सगळा प्रवास रॉकेट त्या एका धक्क्यावर करते.

दाब वाढवला की उंची वाढेलच ना? मग सहा-सात बारपर्यंत का जाऊ नये?

उंची वाढते, परंतु पाण्याचा वेग दाबाच्या वर्गमूळाने वाढतो. दाब दुप्पट केला तर पाण्याचा वेग दुप्पट होत नाही, सुमारे एकेचाळीस टक्के वाढतो. पुढे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या वाढलेल्या वेगाचा मोठा वाटा गिळतो. बाटलीवरचा ताण मात्र दाबाच्या थेट प्रमाणात वाढत जातो. जेवढे मिळते त्याहून अधिक धोका पत्करण्याचा हा व्यवहार आहे, आणि म्हणून शालेय वापरासाठी चार बार, म्हणजे दाबमापकावर सुमारे ६० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), ही मर्यादा मी कधीही ओलांडू देत नाही.

चार बारलाही दोन लिटरच्या बाटलीतील हवेत सुमारे तीनशे ज्यूल ऊर्जा असते. दहा किलो धान्याची पिशवी तीन मीटर उंचीवरून खाली सोडली तर जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढी ही आहे. हातात धरलेली, वजनाला हलकी वाटणारी बाटली एवढी शक्ती धरून आहे याची जाणीव मुलांना प्रत्यक्ष पिशवी दाखवून करून द्यावी.

बाटलीची ताकद तपासायची असेल तर ती काठोकाठ पाण्याने भरावी, आत हवेचा बुडबुडाही ठेवू नये, आणि मग उघड्या जागेत, दूर उभे राहून उड्डाणापेक्षा थोडा अधिक दाब द्यावा. पाणी ऊर्जा साठवत नसल्यामुळे अशी बाटली फाटली तरी केवळ पाणी सांडते. हवेने भरलेल्या बाटलीवर ही तपासणी कधीही करू नये.

बाटली कोणती घ्यावी?

वायुयुक्त शीतपेयाचीच, आणि तळाला पाच पाकळ्यांसारखे पाय असलेली. पेयातील कार्बन डायऑक्साइड बंद बाटलीत सतत दाब देत असतो आणि उन्हात तो आणखी वाढतो, त्यामुळे ती बाटली मुळातच दाब सोसण्यासाठी घडवलेली असते. पिण्याच्या साध्या पाण्याची बाटली पातळ असते. ती या कामाला वर्ज्य समजावी.

बाटलीचे प्लॅस्टिक सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते. म्हणून ती कढत पाण्याने धुऊ नये, उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ठेवू नये आणि तिच्यावर गरम गोंदाची बंदूक चालवू नये. गोंदाचा थेंब जेथे पडतो तेथील भिंत आकसते आणि पुढे बाटली तेथूनच फाटते. झटपट चिकटणारा गोंदही प्लॅस्टिकला ठिसूळ करतो. पंख लावण्यासाठी रुंद चिकटपट्टी पुरेशी होते, आणि दाबाच्या बाटलीवर थेट न चिकटवता दुसऱ्या बाटलीचा मधला भाग कापून त्याची बाही वर चढवावी व पंख त्या बाहीला लावावेत, हे अधिक चांगले.

प्रक्षेपण-नळी म्हणजे काय आणि तिने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि माझ्या मते घरगुती प्रक्षेपकात करता येण्याजोगी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे.

साध्या प्रक्षेपकात बाटलीच्या तोंडात फक्त एक रबरी बूच बसवलेले असते. बूच सुटले, की पहिल्या क्षणापासून पाणी वाया जाऊ लागते, तेही रॉकेट जवळजवळ स्थिर असताना. प्रक्षेपण-नळी असेल तर बाटली एका उभ्या नळीवर खालपर्यंत बसवलेली असते आणि नळीचे वरचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत असते. खटका सुटल्यावर हवा बाटलीला नळीवरून वर ढकलते, जसा दट्ट्या ढकलला जातो तसा, आणि या अवधीत पाणी फारसे बाहेर पडत नाही. नळी संपते तेव्हा रॉकेटने वेग घेतलेला असतो आणि पाण्याचा साठा शाबूत असतो.

हिशेब मांडून पाहावा. नळीचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर, लांबी २५ सेंटिमीटर आणि दाब चार बार धरला, तर हवा रॉकेटवर सुमारे ३५ ज्यूल कार्य करते. पाण्यासह पाऊण किलोच्या रॉकेटला त्यातून सेकंदाला नऊ मीटरहून अधिक वेग मिळतो, म्हणजे बाटलीचे तोंड नळीवरून मोकळे होण्यापूर्वीच ते ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेलेले असते. दुसरा लाभ असा, की नळी रॉकेटला दिशा देते. पंखांना काम करण्यासाठी हवेचा प्रवाह लागतो आणि वेग नसताना पंख निरुपयोगी असतात. नळीवरून सुटलेले रॉकेट त्या नाजूक क्षणातून सरळ बाहेर येते.

नळी अगदी उभी आणि गुळगुळीत असावी. कापलेल्या टोकाची धार पॉलिश कागदाने गोल करावी, नाहीतर तीच धार बाटलीच्या गळ्यात ओरखडे पाडत राहते.

अर्ध्या इंचाचा नळ आणला, पण तो बाटलीत सैल बसतो. चूक कोठे झाली?

दुकानात अर्ध्या इंचाच्या नावाखाली निरनिराळ्या जाडीचे नळ मिळतात. घरातील नळकामाच्या जाड यूपीव्हीसी नळाचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो आणि तो बाटलीच्या तोंडात नेमका सरकता बसतो. शेतीच्या पाइपांतील २० मिलिमीटरचा नळ नावाप्रमाणे वीस मिलिमीटरच असतो, म्हणून सैल राहतो. गरम पाण्याचा सीपीव्हीसी नळ तर १५.९ मिलिमीटरचा असतो. खरेदीला जाताना रिकामी बाटली सोबत न्यावी आणि दुकानातच नळ तोंडात घालून पाहावा. दुकानदार चकित होतो, पण दुसरी फेरी वाचते.

हवा साठवायला पीव्हीसी नळाची मोठी टाकी जोडली तर?

जोडू नये. ही विनंती नव्हे, अट आहे. नळावर छापलेला दाब पाण्यासाठी असतो, दाबलेल्या हवेसाठी नसतो. पीव्हीसी फुटते तेव्हा टोकदार तुकडे होऊन दूरवर उडते, आणि ऊन, थंडी व जुनेपण यांनी ते आणखी ठिसूळ होते. बाटली फाटते तेव्हा बहुधा ती चिरते. पीव्हीसी फुटताना तसे होत नाही. पाण्याच्या रॉकेटला वेगळ्या टाकीची गरजही नाही, कारण बाटली हीच त्याची टाकी आहे. प्रक्षेपकाच्या तळाचे सांधे शक्य तेथे जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, घ्यावेत आणि प्लॅस्टिक नळ फक्त आखूड प्रक्षेपण-नळीपुरता ठेवावा.

खटका कसा असावा?

एकदम सुटणारा. अर्धवट सुटणारा खटका रॉकेटला एका बाजूने धरून ठेवतो आणि ते तिरके जाते. सर्वांत भरवशाची रचना केबल टायची, म्हणजे वायरी बांधण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची, आहे. नळीभोवती आठ-दहा केबल टाय उभे बांधायचे, अशा रीतीने की त्यांची डोकी बाटलीच्या गळ्यावरील कड्याला वरून पकडतील, आणि सगळ्यांभोवती नळाचा एक रुंद तुकडा वर-खाली सरकेल असा घालायचा. तुकडा वर असताना टाय मिटलेले राहतात. दोरीने तो खाली ओढला, की सगळे टाय एकाच वेळी उघडतात. दोरी किमान पाच मीटर लांब असावी, आणि दहा मीटर असेल तर उत्तम. ओढताना प्रक्षेपकच आडवा होऊ नये म्हणून त्याचे पाय जमिनीत खुंट्यांनी ठोकून ठेवावेत.

बाटलीचे तोंड अरुंद केले तर रेटा जास्त वेळ मिळेल का?

वेळ वाढतो, परंतु रेटा घटतो. नऊ मिलिमीटरच्या तोटीला चार बारवर सुमारे पन्नास न्यूटन रेटा मिळतो, म्हणजे पूर्ण तोंडाच्या सहाव्या भागाच्या आसपास. मोठ्या, जड रॉकेटसाठी ते उपयोगी आहे, कारण तेथे सौम्य सुरुवात हवी असते. एका बाटलीच्या रॉकेटला मात्र पूर्ण तोंडच ठेवावे.

रॉकेट वर जाता जाता कोलांट्या खाते. पंख तर मोठे लावले आहेत.

केवळ पंखांनी हा दोष जात नाही. नाकाचे वजन पाहावे. रॉकेट स्थिर राहण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, निदान बाटलीच्या एका व्यासाइतका पुढे असावा लागतो. दाबकेंद्र म्हणजे हवेचा बाजूचा जोर जेथे एकवटतो तो बिंदू. रिकाम्या बाटलीचा गुरुत्वमध्य मधोमध असतो, आणि पंख जड असतील तर तो आणखी मागे सरकतो. त्यामुळे जाड पुठ्ठ्याचे मोठे पंख लावून काही जण दोष वाढवून घेतात.

दाबकेंद्राचा अंदाज काढण्याची सोपी रीत अशी आहे : रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर खऱ्या मापात काढून कापावी आणि ती पट्टीच्या कडेवर तोलावी. जेथे ती तोलते तेथे दाबकेंद्र धरावे. मग पाणी न भरलेले खरे रॉकेट दोरीवर तोलून त्याचा गुरुत्वमध्य शोधावा. दोन खुणांमध्ये दहा-अकरा सेंटिमीटर अंतर पडेपर्यंत नाकात मळलेली माती किंवा मॉडेलिंग क्ले भरावी. खडा, खिळा, नट-बोल्ट भरू नये, कारण तेच नाक पुढे कोणाच्या तरी डोक्याच्या दिशेने परत येणार असते. नाक मऊ आणि बोथट ठेवावे. अर्धा चेंडू उत्तम.

शेवटची खात्री करण्यासाठी रॉकेटला गुरुत्वमध्यावर दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवावे. नाक पुढे ठेवून फिरले तर ते उडायला योग्य आहे. पंखांसाठी सनबोर्ड (फोमचा फलक) चांगला, कारण तो हलका असून वाकत नाही. तीन किंवा चार पंख समान अंतरावर लावावेत.

रॉकेट जितके हलके तितके चांगले का?

एका मर्यादेपर्यंत. अतिहलके रॉकेट जोरात सुटते, पण हवेचा विरोध त्याला लगेच थोपवतो. पिंगपाँगचा चेंडू आणि क्रिकेटचा चेंडू फेकून पाहिला तर हे हाताला कळते. दोन लिटरच्या बाटलीचे रॉकेट नाक व पंखांसह १२० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान ठेवून प्रयोग सुरू करावा.

सुधारणा झाली की नाही, हे कसे ओळखावे?

डोळ्यांच्या अंदाजावर विश्वास ठेवू नये. नुकताच घाम गाळून केलेला बदल प्रत्येकाला यशस्वीच दिसतो. प्रक्षेपकापासून तीस मीटर अंतर टेपने मोजून निरीक्षक उभा करावा. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून केलेल्या साध्या उपकरणाने त्याने सर्वोच्च बिंदूचा कोन टिपावा. अंतराला त्या कोनाच्या टॅन्जंटने गुणून डोळ्यांची उंची मिळवावी. तीस मीटरवर ५० अंश कोन आला, तर उंची सुमारे ३७ मीटर. वाऱ्याने रॉकेट एका बाजूला सरकते, म्हणून विरुद्ध दिशांना दोन निरीक्षक ठेवून सरासरी घ्यावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक मांडणीची निदान तीन उड्डाणे करावीत. दहावीत नुकतेच त्रिकोणमिती शिकलेल्या मुलांना ही वही भरताना जो आनंद होतो, त्यासाठी तरी हा खटाटोप करण्यासारखा आहे.

पंप वापरावा की पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर?

दाबमापक असलेला पायपंप. कॉम्प्रेसर क्षणात मर्यादेपलीकडे जातो. पंपाने दाब सावकाश चढतो आणि थांबायला अवसर मिळतो. पंप आणि प्रक्षेपक यांच्यामध्ये किमान पाच मीटर नळी असावी.

खटका ओढला तरी रॉकेट सुटले नाही तर?

जवळ जाऊ नये. पंपाजवळच, नळीवर, हवा सोडण्याचा एक लहान बॉल व्हॉल्व्ह आरंभीच बसवलेला असावा. तो उघडून दाबमापक शून्यावर आल्यानंतरच प्रक्षेपकाकडे जावे. आमच्या पहिल्या वर्षी हा व्हॉल्व्ह नव्हता. अडकलेले रॉकेट पाहायला एक विद्यार्थी निघाला आणि तो तीन पावलांवर असताना ते आपोआप सुटले. त्याला काही झाले नाही, फक्त तो नखशिखान्त भिजला. त्या दिवसापासून व्हॉल्व्हशिवाय एकही उड्डाण मी होऊ दिलेले नाही. प्रक्षेपकाभोवती दहा मीटरचे वर्तुळ चुन्याने आखावे, आत कोणी जाऊ नये, आणि पंप चालवणाऱ्याने संरक्षक चष्मा लावावा. वर विजेच्या तारा असतील किंवा जवळ विमानतळ असेल तर ती जागा निवडू नये.

याच प्रक्षेपकातून बटाटा किंवा चेंडू फेकता येईल का?

त्यासाठी तो वापरू नये. वस्तू फेकणारी हवेची नळी ही वेगळी गोष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाबरोबरच अन्य प्रकारच्या ऊर्जेने प्रक्षेप्य फेकणारी शस्त्रेही येतात, आणि कायदा बाजूला ठेवला तरी नळीतून सुटलेली भरीव वस्तू आणि पोकळ, मऊ नाकाची बाटली यांच्या आघातात फार अंतर आहे.

पाण्याचे रॉकेट जास्तीत जास्त किती उंच गेले आहे?

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन विद्यापीठाच्या चमूने २०१५ साली ८३० मीटर उंची गाठली. ते रॉकेट कार्बन तंतूंचे होते आणि त्याचा दाब आपल्या मर्यादेच्या कितीतरी पट होता, त्यामुळे त्याची बरोबरी बाटलीने करू नये.

एक बाटली किती उड्डाणे टिकते?

मी दहा उड्डाणांनंतर बाटली निवृत्त करतो, आणि त्याआधीही तिच्यावर पांढरट चर, खोल ओरखडा किंवा घडी दिसली तर त्याच दिवशी. प्रत्येक उड्डाणानंतर बाटलीच्या बाहीवर कायमच्या शाईच्या पेनाने एक रेघ ओढण्याचे काम एका मुलाकडे सोपवावे आणि ते वर्षभर त्याच्याकडेच ठेवावे. निवृत्त बाटलीचे तोंड कापून टाकावे, म्हणजे ती चुकून पुन्हा प्रक्षेपकावर चढणार नाही. तिच्या मधल्या भागाची पंखांसाठी बाही करता येते आणि वरच्या भागाचे नाक.